तीन बावन्नला मी कुठे होतो

परिषदेच्या आधी मला एक फॉर्म भरायला आला होता. नाव, हुद्दा, कंपनी आणि खाली एक चौकट : वक्त्याचा परिचय, शंभर शब्दांत. पेणहून रोह्याला रोज ये-जा करत मी पंचवीस वर्षं एका केमिकल कंपनीत काढलेली, पण शंभर शब्द काही भरेनात. शेवटी ऑफिसातल्या मुलीने भरले. प्लँटवर सायबर हल्ला झाला तेव्हा मी 'आघाडीवर राहून' परिस्थिती सावरली, असं तिने लिहिलं. मी वाचलं आणि 'ठीक आहे' असं उत्तर पाठवलं.

माझी बहुतेक पापं अशीच आहेत. दुसरं कुणीतरी लिहितं, मी ठीक आहे म्हणतो. स्वतः तोंड उघडून दुसऱ्याला भोवेल असं खोटं मी एकदाच बोललो. ते एक वाक्य सांगायचं म्हणून हे सगळं लिहायला बसलो आहे.

ज्याच्या बाबतीत बोललो त्याला प्लँटवर सगळे दादा म्हणायचे. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. पेणच्या खारेपाटातला, खाडीकडच्या गावचा. बाप मिठागरावर राबलेला, हा कंपनीत लागला. कंट्रोल रूममध्ये तो पॅनलवर बसायचा. रिअॅक्टरचं तापमान, दाब, थंड पाणी, सगळं जिथे स्क्रीनवर दिसतं ती जागा म्हणजे पॅनल. त्या खुर्चीवरचा माणूस सांगेल तशी अख्खी शिफ्ट हलते. मी पॅनल शिकलो तो दादाच्या शेजारी स्टूल घेऊन बसून. शिफ्टचा इंग्रजी रिपोर्ट मी लिहायचो म्हणून मला तो मास्तर म्हणे. "ये मास्तर, लिव तुजा रामायन," म्हणत खुर्ची सरकवायचा.

आमच्याकडे दोन रिवाज होते. कुणी पाडले ते ठाऊक नाही, मी लागलो तेव्हापासून होतेच.

पहिला असा, की पॅनलशेजारच्या रिपोर्टच्या कॉम्प्युटरवरून उठताना कुणी आपलं लॉगिन बंद करायचं नाही. ते मशीन इतकं म्हातारं, की एकाचं नाव बंद करून दुसऱ्याच्या नावाने उघडायला चहा पिऊन होईल एवढा वेळ खायचं. त्यामुळे सकाळी सातला जो बसेल त्याच्या नावावर दिवसभराचा कारभार चाले.

दुसरा रिवाज राउंडचा. शिफ्ट बदलताना येणाऱ्याला उशीर झाला, तर जाणाऱ्याने त्याचा पहिला राउंड मारायचा. म्हणजे बाहेर प्लँटमध्ये फिरून गेजवरचे आकडे बघायचे, रजिस्टरमध्ये लिहायचे आणि खाली येणाऱ्याच्या नावाची सही ठोकायची. आज माझ्यासाठी तू, उद्या तुझ्यासाठी मी. यात काही चुकतंय असं कुणालाच वाटत नसे. उलट नाही म्हणणारा तो माणूसघाणा ठरायचा. एकमेकांच्या सह्या आम्हाला स्वतःच्या सहीइतक्या सफाईने येत.

तो श्रावण होता. गणपती तीन आठवड्यांवर आले होते. माझ्या भावाचा पेणला गणपतीचा कारखाना आहे, आणि आमच्या प्लँटचा गणपती दरवर्षी त्याच्याकडूनच जातो. मूर्ती निवडायची आमची पद्धत ठरलेली. भाऊ एका कागदावर सहा मूर्तींचे रंगीत फोटो छापून द्यायचा, मी तो कंट्रोल रूमच्या भिंतीला चिकटवायचो, तिन्ही शिफ्टची माणसं येता-जाता आपापल्या आवडीच्या मूर्तीखाली पेनाने खूण करायची. जिच्याखाली जास्त खुणा ती मूर्ती आमची.

त्या वर्षी बाजारातल्या छपाईवाल्याकडे झुंबड होती. भावाने कारखान्यातल्या कॉम्प्युटरवरून फोटो पेनड्राइव्हवर भरले. त्या कॉम्प्युटरवर दिवसभर मुंबई-पुण्याची गिऱ्हाइकं आपापले पेनड्राइव्ह लावून 'अशी मूर्ती पाहिजे' म्हणून डिझाइनं दाखवत. भाऊ म्हणाला, "तुमच्या कंपनीत रंगीत प्रिंटर हाय ना? मार तिथंच एक. मला आज मान वर करायला वेळ नाय."

मोबाइल प्लँटमध्ये नेता येत नाही. एक ठिणगी पुरते, म्हणून तो गेटवर जमा करावा लागतो. मी नियमाने जमा केला. पेनड्राइव्ह आत न्यायलाही बंदी होती, पण ती कॉम्प्युटरवाल्यांची बंदी, आणि मोबाइलची बंदी आगीची. आगीला आम्ही भ्यायचो. पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात राहिला.

भावाकडे वेळ गेला, पुढे गणपती भरलेल्या ट्रकांनी रस्ता गडबपर्यंत तुंबलेला. मी मोटरसायकल कडेकडेने काढत नागोठण्यावरून रोह्याला पोचलो आणि गेटवर पंच केलं तेव्हा तीन पस्तीस झाले होते. शिफ्ट तीनची. दादा खुर्चीतच होता.

"काय मास्तर, भावाकरं डोले काढत बसलवतास काय?"

"ट्रॅफिक हो दादा."

"ट्रॅफिक ना! दाढीला रंग लागलाय तो ट्रॅफिकचा काय?" तो हसला, रजिस्टर काखेत मारलं आणि डोक्यावर हेल्मेट चढवलं. "बस तू. तुजा राउंड मारून येतू. पानी पी पयला, धापा टाकतंस."

तो बाहेर गेला. माझा सहकारी पॅनलच्या पलीकडे, माझ्याकडे पाठ करून, फोनवर स्टोअरशी भांडत होता. मी दादाच्या खुर्चीत बसलो. रिपोर्टच्या कॉम्प्युटरवर सकाळपासून दादाचं नाव उघडं होतं. मी पेनड्राइव्ह लावला, कागद छापला, पेनड्राइव्ह काढून खिशात टाकला. दोन मिनिटं लागली असतील.

दादा राउंड मारून आला तेव्हा कागद टेबलावर होता. त्याने तो दोन्ही हातांनी कडेकडेने उचलला, देवाचा कागद उचलावा तसा.

"गरम हाय अजून," तो म्हणाला. माझ्याकडे पाहिलं, प्रिंटरकडे पाहिलं. मग खिशातून पेन काढून चौथ्या मूर्तीखाली खूण केली. "यो बस. ह्याच्या डोल्यात राग नाय."

पहिली खूण त्याची. चार वाजून पाच मिनिटांनी तो पंच करून घरी गेला. मी कागद पॅनलच्या वर भिंतीला चिकटवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेअकराला कंट्रोल रूममधले कॉम्प्युटर एकामागून एक मेले. आधी रिपोर्टचा, मग बाकीचे. पॅनलच्या स्क्रीनवरचे आकडे थिजले. रिअॅक्टरमध्ये बॅच तापत होती आणि स्क्रीन दहा मिनिटांपूर्वीचं तापमान दाखवत बसला होता. दादा पहिल्या शिफ्टला होता. त्याने पॅनल सोडलं, दोन माणसं घेतली आणि खाली रिअॅक्टरपाशी जाऊन उभा राहिला. एकाला थंड पाण्याच्या व्हॉल्व्हवर बसवलं, एकाला वाफेच्या. स्वतः गेजवर डोळा ठेवून ओरडत राहिला. लिहायला कागद नव्हता, म्हणून पाइपांवर खुणा करायचा खडू घेऊन दर पाच मिनिटांचा आकडा त्याने खालच्या काँक्रीटवरच लिहिला. सव्वा तासाने बॅच थंड झाली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

मला घरून बोलावून घेतलं होतं. मी पोचलो तेव्हा आकड्यांची ती रांग जमिनीवर होती, मोठ्या, तिरक्या अक्षरात. शेजारी दादा पायरीवर बसून चहा पीत होता. घसा पार बसलेला. मला पाहून त्याने फक्त हात वर केला.

पेनड्राइव्ह अजून घरी, कालच्या शर्टाच्या खिशात होता.

चार दिवसांनी मुंबईच्या हेड ऑफिसातून चौकशीला दोघं आले. कंट्रोल रूममध्येच बसले, त्या कागदाखाली. त्यांच्याजवळ कॉम्प्युटरमधली नोंद होती : हल्ल्याच्या आदल्या दिवशी दुपारी तीन वाजून बावन्न मिनिटांनी रिपोर्टच्या कॉम्प्युटरला बाहेरचा पेनड्राइव्ह लागला, व्हायरस त्यातूनच आत शिरला, लॉगिन दादाचं. दादाचं पंच-आउट चार पाचचं. आणि राउंडच्या रजिस्टरमध्ये तीन पन्नासच्या आकड्यांखाली माझी सही.

कागदावर मी बाहेर होतो आणि दादा आत. खरं बरोबर उलटं होतं.

दादाला माझ्याआधी बोलावलं. तो काय बोलला ते मला पुढे आमच्या मॅनेजरसाहेबांकडून कळलं. लॉगिन माजाच, पेनड्राइव्ह मी लावला नाय, कोनी लावला ते ठाव नाय. एवढंच. राउंडला मी गेलो होतो असं तो म्हणाला असता, तर माझी सही त्याने ठोकली हे निघालं असतं, आणि मग खुर्चीत कोण होतं हेही.

मग मला विचारलं. "तीन बावन्नला तुम्ही कुठे होता?"

विचारणारा चांगला माणूस होता, घाई करत नव्हता. त्याच्या डोक्यावर, हातभर अंतरावर, तो कागद होता. सहा गणपती आणि तोवर चाळीसेक खुणा.

"बाहेर, राउंडला. रजिस्टरमध्ये सही आहे, सर."

ते वाक्य हे.

त्याने लिहून घेतलं. फाइल मिटवताना वर पाहिलं, नमस्कार केला आणि म्हणाला, "ही दोन नंबरची घरासाठी मिळेल का? लहान?" मी त्याला भावाचा नंबर दिला. त्याने खरंच मूर्ती नेली. भावाने माझ्या ओळखीचा म्हणून वर मखराचं तोरण दिलं.

दादाला ताकीदपत्र मिळालं : बेजबाबदार वर्तन, संशयास्पद नोंद. बॅच वाचवली म्हणून नोकरी राहिली, पण पॅनल काढून घेतलं आणि त्याला सांडपाण्याच्या प्लँटवर टाकलं. कंपनीच्या मागच्या टोकाला, टाक्यांच्या कडेने फिरायचं काम. त्याच्या निवृत्तीला दहा महिने राहिले होते. आयुष्यात त्याची मागणी फार नव्हती, पण एक गोष्ट तो नेहमी बोलायचा : "रिटायर व्हायचा तो पॅनलवरनं. खुर्ची गरम असताना दुसऱ्याच्या हातात द्यायची." आता ते व्हायचं असेल, तर दहा महिन्यांच्या आत ते पत्र फाइलमधून निघायला हवं होतं. आणि ते काढू शकेल असा माणूस जगात एकच होता.

गणपती आले, गेले. आमची मूर्ती चार नंबरचीच आली. कागद भिंतीवरच राहिला. देवाचा फोटो काढून कुठे टाकणार, म्हणून कुणी हात लावला नाही. दरवर्षी विसर्जनानंतर मीच तो काढून नदीत सोडायचो. त्या वर्षी मला हात लावता आला नाही.

माघात परिषदेचं आमंत्रण आलं. सायबर सुरक्षा आणि संकटातून सावरण्याची डिजिटल ताकद, असा विषय. देशभरच्या कंपन्या यायच्या होत्या, नवी मुंबईतल्या हॉटेलात. आमच्या कंपनीने आपली गोष्ट सांगावी अशी त्यांची इच्छा होती. हल्ला होऊनही अपघात झाला नाही, हे म्हणे फार कमी ठिकाणी घडतं. मॅनेजरसाहेब म्हणाले, "तुम्ही जा. प्लँट तुम्हाला माहीत आहे, इंग्रजीही बरं आहे."

"दादांना न्यावं का, साहेब? सगळं त्यांनीच केलं."

"त्यांचं पत्र आहे ना फाइलला," ते म्हणाले. "स्टेजवर कसं बसवणार?"

मी ठीक आहे म्हणालो.

त्या हॉटेलात थंडी इतकी होती की बोटं गार पडली. गळ्यात माझ्या नावाची पाटी. बाहेर स्टॉलांवर टाय लावलेली मुलं माणसांना थांबवून 'तुमचं नेटवर्क सुरक्षित आहे का' विचारत होती. दारात एक पिशवी मिळाली. तिच्यात डायरी, पेन आणि एक पेनड्राइव्ह. शेजारी बसलेले गुजरातचे एक गृहस्थ तो नाचवत म्हणाले, "बघा, आपल्यालाच घाबरवतात आणि आपल्यालाच वाटतात!" मी हसलो. पिशवी पायाशी ठेवली होती, ती दोनदा पायानेच लांब सरकवली.

माझी पाळी आली. ऑफिसातल्या मुलीने दहा चित्रं तयार करून दिली होती. तिसरं चित्र आमच्या कंट्रोल रूमचं. पाचव्यावर मोठ्या अक्षरात : कारण, एका कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा. सहावं, जमिनीवरचे खडूचे आकडे. त्या चित्राला लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाचवं आणि सहावं चित्र एकाच माणसाचं आहे, हे त्या हॉलमध्ये मला एकट्याला ठाऊक होतं.

शेवटी प्रश्न. मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. वीज कंपनीतल्या आहेत असं सांगितलं. म्हणाल्या, "तिसरं चित्र परत दाखवाल? भिंतीवर गणपतींचा रंगीत कागद दिसतोय. हल्ल्याच्या आधीचा आहे का? आत मोबाइलसुद्धा नेत नाही म्हणालात, मग तो आला कुठून?"

चित्र पडद्यावर आलं. सहा गणपती, माणसाएवढे. चार नंबरखालच्या खुणासुद्धा दिसत होत्या.

मला वाटलं, झालं. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं. कुणीतरी दार ढकललं होतं, मला नुसतं बाहेर पडायचं होतं. पण जीभ वळली ती भलतीकडेच.

"मॅडम," मी म्हणालो, "तोच आमचा खरा फायरवॉल."

हॉल हसून फुटला. टाळ्या, शिट्ट्यासुद्धा. सूत्रसंचालकाने ते वाक्य दिवसभरात तीन वेळा वापरलं. बाई मात्र हसल्या नाहीत. माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि खाली बसल्या. मला काचेचं स्मृतिचिन्ह मिळालं. पेणपर्यंत ते मांडीवर ठेवून आलो. घरात कुठे ठेवू कळेना, म्हणून कंपनीत नेऊन मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांना वाटलं, केवढा हा मोठेपणा.

यानंतर चैत्रात साहेबांनी ठरवलं, की हेच भाषण रोह्यात आपल्या माणसांसाठी मराठीत व्हावं. हजेरी सक्तीची. म्हणजे सांडपाण्याच्या प्लँटवरच्यांनाही.

मी दोन दिवस चित्रं पुढेमागे करत बसलो. 'निष्काळजीपणा'चं पाचवं चित्र काढून टाकलं. तिसरंही काढलं. त्या जागी कंपनीच्या गेटचा फोटो लावला.

दादा तिसऱ्या रांगेत कडेला बसला होता. गणवेशाची बाही कोपरापर्यंत दुमडलेली, हातावर केमिकलचे जुने डाग. मी बोलत होतो आणि एकदाही त्या बाजूला पाहत नव्हतो, म्हणजे किती पाहत होतो बघा. खडूच्या आकड्यांचं चित्र आलं तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, ह्यो आपल्या दादाचा अक्षर!" दुसरा म्हणाला, "पाच तर बघ, बदकावानी काढलाय." सगळे हसले. दादाही हसला.

प्रश्न कुणाला आहेत का, असं साहेबांनी विचारलं. माणसांचं लक्ष मागच्या वड्यांच्या वासाकडे. दादाने हात वर केला.

"मास्तर, तो गनपतीचा फोटू नाय दाखवलास. मुंबईला दाखवलवतास म्हंतात."

त्याच्या आवाजात काहीच नव्हतं, ना टोमणा ना राग. शाळेत मूल विचारतं तसं विचारलं.

"वेळ कमी होता दादा, म्हणून काढला," मी म्हणालो.

"हां. बराबर," तो म्हणाला आणि खाली बसला.

त्याच रविवारी सकाळी मी त्याच्या गावी गेलो. खारबंदिस्तीच्या बांधावरून रस्ता जातो, दोन्ही बाजूला कापलेली भातशेतं, पुढे खाडी. तो पडवीत जाळं दुरुस्त करत बसला होता.

"ये मास्तर. आज कोनचा राउंड?" मग आत वळून ओरडला, "चा टाक गो, कंपनीतला मानूस आलाय."

वहिनी दारात आल्या, किती दिवसांनी आलात भाऊ म्हणाल्या, आणि आत गेल्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. बसलो असतो तर जमलं नसतं. पेनड्राइव्ह मी लावला, तीन बावन्नला खुर्चीत मी होतो, चौकशीत मी खोटं बोललो.

तो जाळ्याची गाठ मारत राहिला.

"मना ठाव हाय रे. कागद गरम व्हता."

"मग बोलला का नाहीत?"

"मी बोललू असतू तं तुजी नोकरी गेली असती. आन सई मी ठोकलेली, म्हनून माजीपन." गाठ दातांनी तोडली. "आन मना वाटला, तू बोलशील. आज बोलंल, उद्या बोलंल. त्या खडूच्या दिवशी वाटला. चौकशीला वाटला. मुंबईला गेलास तवा तं मी हिला सांगितला, मास्तर आज बोलून येतंय बघ."

चहा आला. मी हातात धरून बसलो.

"मना सांगून काय उपेग?" तो म्हणाला. "मना ठावच हाय. ज्यांना ठाव नाय, त्यांना सांग. दीड म्हयना हाय अजून."

सोमवारी मी मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर पत्र ठेवलं. सगळं लिहिलं होतं, वेळेसकट. त्यांनी दोनदा वाचलं. उठून दार लावून आले.

"हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"हो साहेब."

"विमा कंपनीला रिपोर्ट गेलाय. हेड ऑफिसने फाइल बंद केलीय. देशभरच्या लोकांसमोर तुम्ही स्वतः ही गोष्ट सांगून आलात, त्याचं पुस्तक छापलंय त्यांनी, तुमच्या फोटोसकट. आता ती बदलायची म्हणजे आपण सगळे खोटे ठरणार. आणि रजिस्टरमध्ये दुसऱ्याच्या सह्या? एक पान उघडलं तर अख्खा प्लँट घरी बसेल."

"दादांना दीड महिना तरी पॅनलवर..."

"तुमचं मन हलकं व्हायला हवंय, कळतं मला. त्यासाठी कंपनीचा कागद कशाला? निरोपाला त्यांना चांगली शाल देऊ या. तुमच्या हस्ते." त्यांनी पत्र माझ्याकडे सरकवलं. ते काचेच्या स्मृतिचिन्हाला अडलं, तेव्हा त्यांनी ते चिन्ह बाजूला घेतलं आणि पुन्हा सरकवलं.

मी वर जाऊ शकलो असतो. हेड ऑफिसचा पत्ता मला ठाऊक होता, त्या चौकशीवाल्या साहेबांचा नंबर भावाच्या वहीत होता. नाही गेलो. साहेबांनी अडवलं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. दार त्यांनी लावलं होतं हे खरं, पण कडी काही घातली नव्हती. मी पत्र खिशात घातलं, त्याच खिशात जिथे त्या दिवशी पेनड्राइव्ह होता, आणि शिफ्टला गेलो.

मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी दादाची शेवटची शिफ्ट होती, सकाळची. शाल द्यायला मी नकार दिला, तेवढं एक केलं. माझीही शिफ्ट सकाळची लावून घेतली होती. जेवणाच्या सुट्टीत मी मागे गेलो आणि त्याला कंट्रोल रूममध्ये घेऊन आलो. पॅनलवरचा माणूस चहाला गेला होता; मीच पाठवला होता. आता तिथे नवी पद्धत आहे, ज्याने त्याने आपलं लॉगिन उघडायचं, उठताना बंद करायचं. मी माझ्या नावाने उघडलं आणि खुर्ची ओढून धरली.

"बसा दादा. एक तास. कुणी काही बोलणार नाही."

तो खुर्चीच्या मागे उभा राहिला. स्क्रीनवर वाकून एक-दोन आकडे पाहिले, पाण्याचा दाब कमी आहे म्हणाला. होताच कमी. खुर्चीच्या पाठीवर त्याचा हात होता. मग कोपऱ्यात लिहिलेलं माझं नाव त्याने वाचलं.

"तुज्या नावावं?"

"माझ्याच नावावर बसा. काही झालं तर माझ्यावर येईल."

"नको रे मास्तर," तो म्हणाला. "मना माज्या नावावं बसायचा व्हता."

आणि हात काढून घेतला.

मी भिंतीकडे वळलो. कागद तिथेच होता, उन्हाने फिका पडलेला, कडा वर आलेल्या. म्हणालो, "हा तरी काढतो आता. तुम्ही घेऊन जा. पहिली खूण तुमची आहे." सेलोटेपखाली नख घातलं.

"हात लावू नको." इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याशी चढ्या आवाजात बोलला. मग लगेच खाली उतरला. "ऱ्हाऊ दे. नवीन पोरा येतील, इचारतील यो कवाचा कागद, कोनी लावला. तवा सांग. तुना येल कमी नाय आता, त्या भाषनावानी."

हेल्मेट घालून तो मागच्या दाराने टाक्यांकडे गेला. तीन वाजता तिथूनच सुटला.

यंदा दोन वर्षं होतील. दादा खाडीवर जातो. बाजारात भेटला तर थांबतो, मासळी देतो, घरचा गणपती माझ्या भावाकडूनच नेतो. ताकीदपत्र फाइलला आहे. परिषदेचं पुस्तकही आहे, साहेबांच्या कपाटात.

मागच्या महिन्यात पॅनलवर एक नवीन इंजिनीअर बाई आल्या, खांब गावाकडच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर पाहून विचारलं, "सर, हा जुना कागद काढायचा का? चार नंबरला एवढ्या खुणा कसल्या?"

मी म्हणालो, बसा. आणि तीन पस्तीसला गेटवर पंच केलं, तिथून सांगायला लागलो. सांगताना नेहमीसारखं माझं नाव गाळून 'एक जण' म्हणायचं ओठांवर आलं होतं, पण 'मी' म्हणालो. त्या पॅनलवर नजर ठेवून ऐकत होत्या, ठेवायलाच हवी. कागद गरम होता इथपर्यंत आलो तेव्हा त्यांनी मान वळवली.

"मग त्यांना पॅनल परत मिळालं?"

"नाही," मी म्हणालो.

थोड्या वेळाने त्या उठल्या, स्वतःचं लॉगिन बंद केलं, रजिस्टर घेतलं आणि स्वतःच्या राउंडला गेल्या. मी कागदाखाली बसून राहिलो. माझी शिफ्ट संपायला अजून चार तास होते.